‘जॉइंचर’ला मराठीत काय म्हणावे? (वेल्समधल्या एका घराण्याचे दप्तर)

कोरा_कागद
एका भाषांतरात अडले आहे. उत्तर वेल्समध्ये कॉनवी नदीच्या खोऱ्यात लानरूस्त गाव आहे, त्याला लागून ग्विदिर हा वाडा. तिथल्या विन घराण्याची पत्रे आणि खतपत्रे अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. १५१५ ते १६९० या काळातल्या कागदांचा गोषवारा देणारी सूची ग्रंथालयाने १९२६ साली छापली. त्यावर मी लेख करते आहे.

घराण्याचा कर्ता माणूस सर जॉन विन (१५५३–१६२७). मुलेमुली पुष्कळ, त्यामुळे लग्नाच्या बोलण्यांना तोटा नाही. मुलीचा बाप जी रोकड देतो तिला मी सरळ ‘हुंडा’ म्हटले. त्याच्या बदल्यात मुलाकडचे लोक सुनेच्या नावे काही जमीन लावून देतात, म्हणजे नवरा आधी गेला तर तिचे उत्पन्न बाईला मरेपर्यंत मिळावे. हे जॉइंचर. मी ‘स्त्रीधन’ लिहिले. मजकूर तपासणाऱ्यांनी ते खोडून शेजारी ‘स्त्रीधन म्हणजे दागिने’ असे लिहिले. मला ते पटत नाही, पण दुसरा शब्दही सुचत नाही.

सातबारा
स्त्रीधन म्हणजे फक्त दागिने नव्हे, तुम्ही म्हणता ते बरोबर. तरीही इथे तो शब्द चालणार नाही. स्त्रीधनाची बाई पूर्ण मालक असते. विकेल, मोडेल, लेकीला देईल. जॉइंचरची जमीन तिला विकता येत नाही. ती गेली की जमीन घराण्याच्या वारसाकडे परत. आपल्याकडे १९५६ च्या वारसा कायद्याआधी विधवेची जी ‘मर्यादित मालकी’ असे, तिच्या हे जवळ जाते. ‘हयातीपुरती पोटगीची जमीन’ म्हणा. लांबलचक आहे, पण अर्थ चुकत नाही.

माजघर
आमच्याकडे याला ‘चोळीबांगडी’ म्हणत. माझ्या आजीकडे विहिरीच्या अंगचा एक तुकडा होता, तो ‘चोळीबांगडीचा’. त्यातले भुईमुगाचे पैसे तिच्या हातात यायचे आणि त्याला कुणी हात लावत नसे. तिच्यामागे तुकडा थोरल्या काकांच्या खात्यात गेला, त्यावर कुणी ब्रसुद्धा काढला नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होते की तो तिच्या हयातीपुरताच होता. ‘सुनेच्या चोळीबांगडीस अमुक शेत लावून दिले’ हे वाक्य वाचताना मला अडखळायला होत नाही.

सातबारा
माजघरताई, चोळीबांगडी बहुतेक ठिकाणी माहेरचे देतात, नाहीतर दीर-भावजयीच्या वाटणीत येते. लग्नाआधी दोन्ही घरांनी बसून, सहीशिक्क्यानिशी ठरवलेली असते का? जॉइंचरचा सगळा जीव त्या आधीच्या करारात आहे.

शब्दवेध
‘पोटगी’ नको. आजच्या वाचकाला घटस्फोट आठवेल. आणि ‘हयात’ कशाला? स्त्रीधनात काय काय येते ते सांगताना स्मृतिकार देवलाने ‘वृत्ती, आभरण, शुल्क, लाभ’ असे चार प्रकार दिले आहेत. त्यातली वृत्ती म्हणजे निर्वाहाची सोय. ‘वैधव्यवृत्ती’ असा नेटका शब्द करता येतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो दप्तरातल्या फारसीला पर्याय मिळावेत म्हणून. आपण साडेतीनशे वर्षांनी पुन्हा ‘हयात’ आणि ‘तहहयात’च लिहायचे, तर तो खटाटोप कशासाठी होता?

मोडीवाचक
कोश झाला, आणि त्यानंतरचे पेशवे दप्तर उघडून पाहा. तहहयात, इनाम, फारखत, महजर, सगळे जिथल्या तिथे. लिहिणारे कारकून मराठीच होते आणि त्यांना हे शब्द परके वाटत नव्हते. जमिनीच्या कागदाला स्वतःची भाषा असते. ‘वैधव्यवृत्ती’ म्हटले की सरकारी योजनेचा अर्ज डोळ्यापुढे येतो.

मी आणखी एक शब्द पुढे ठेवतो, ‘खासगी’. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून वेगळी जहागीर मिळाली, ती होळकरांची खासगी. दौलतीचा हिशेब निराळा, खासगीचा निराळा. अहिल्याबाईंच्या घाटांना आणि देवळांना याच खासगीतून पैसा गेला.

सातबारा
खासगी घरातल्या एका बाईकडून दुसरीकडे जात राहिली, आणि नवरा जिवंत असतानाही ती बाईचीच. जॉइंचरला वैधव्याची अट आहे.

कार्डिफकर
मी वेल्समध्येच राहतो, म्हणून थोडे इथले सांगतो. शब्द अडण्याचे मूळ कारण मराठीत नाही, वेल्सच्या कायद्यात आहे. जुन्या वेल्श कायद्यात बाईला जमिनीत वाटा नव्हता. तिला मिळायची ती जंगम मालमत्ता; त्यातल्या प्रकारांना अग्वेदी, कोविल्ह अशी वेगवेगळी नावे होती. १२८४ मध्ये पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर जो कायदा लावला, त्यात बायकांना ‘डॉवर’ दिले. इंग्रजी रिवाजाप्रमाणे डॉवर म्हणजे नवऱ्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा, ती जिवंत असेपर्यंत.

मोठ्या घरांना हे डॉवर नकोसे असे. मिळकतीचा तिसरा भाग विधवेच्या ताब्यात, आणि तिने पुन्हा लग्न केले तर त्या भागावर परका माणूस. मग १५३६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने ठरवले की लग्नाआधी जॉइंचर लावून दिले असेल तर बाईला डॉवर मागता येणार नाही. म्हणजे जॉइंचर ही नुसती सोय नव्हे. हा तिसऱ्या हिश्श्याच्या बदल्यातला सौदा आहे. वेल्सला इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत जोडून घेणारा पहिला कायदाही त्याच वर्षीचा. ‘चोळीबांगडी’त माया आहे. या कागदांत घासाघीस आहे, आणि शब्दात ती दिसली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

उदाहरण ग्विदिरचेच घ्या. सर जॉनचे वडील मॉरिस विन यांनी बेराइनच्या कॅथरिनशी लग्न केले. तिचा हा तिसरा नवरा. ती एकूण तीनदा विधवा झाली आणि चौथ्या नवऱ्याच्या आधी, १५९१ मध्ये वारली. तिची संतती इतक्या घराण्यांत पसरली की लोक तिला ‘वेल्सची आई’ म्हणतात. अशा बाईशी सोयरीक करताना कागद पक्के करण्यावाचून गत्यंतर नव्हते. मॉरिसची मुलगी मार्गरेट हिचे लग्न कॅथरिनच्या पहिल्या घरच्या मुलाशी, थॉमसशी झाले. हाच थॉमस सॉल्झबरी पुढे १५८६ मध्ये एलिझाबेथ राणीविरुद्धच्या कटात फासावर गेला.

माजघर
बापाने आईशी आणि बापाच्या लेकीने आईच्या लेकाशी! हे तर साटेलोटे.

शब्दवेध
साटेलोटे म्हणजे भावाबहिणींची अदलाबदल. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. इथे अदलाबदल नाही, दोनदा एकाच घरी सोयरीक आहे.

माजघर
आमच्या भागात एकाच घरी उलटसुलट दोन लग्ने झाली की त्याला साटेलोटेच म्हणतात. शब्द बोलणाऱ्यांचा असतो.

पाणंद
विषयांतर करतो, पण कार्डिफकरांनी ‘कोविल्ह’ला ल्ह लावला आणि धाग्यात ‘लानरूस्त’ला नुसता ल. दोन्हीकडे वेल्शमध्ये तेच जोड-अक्षर आहे ना? मग ‘ल्हानरूस्त’ का नाही? कोल्हा, कल्हई, ल्हासा म्हणणाऱ्या मराठी जिभेला ल्ह काही अवघड नाही.

कार्डिफकर
वेल्श उच्चार आपल्या ल्ह सारखा नाही. जीभ ल च्या जागी टेकवायची आणि कंठातून आवाज न काढता दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. तरी निव्वळ ल पेक्षा ल्ह बरा, हे मान्य.

कोरा_कागद
सगळ्यांचे आभार. मूळ शब्द सुटलेला नाही आणि आता दुसरा अडला आहे. विन आणि त्यांच्यासारख्या घराण्यांनी जमिनी जमवल्या त्याची मुळे पंधराव्या शतकात जातात, आणि तिथे ‘प्रीद’ नावाचा वेल्श व्यवहार सारखा भेटतो. वेल्श कायद्यात जमीन कुळाची, एकट्याने विकायची नाही. मग धनी रोख रक्कम घ्यायचा आणि जमीन चार वर्षांसाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचा. चार वर्षांनी पैसे फेडले नाहीत तर आणखी चार वर्षे, मग आणखी चार. फेड कधीच होत नसे. याला नुसते ‘गहाण’ म्हणू?

सातबारा
नुसते गहाण नाही. ताबा सावकाराकडे आणि पीकही त्याचेच, म्हणजे ताबेगहाण. नजरगहाणात ताबा धन्याकडे राहतो. मराठीत फरक तयार आहे, तो वापरा.

मोडीवाचक
मला ‘मुदतखरेदी’ जास्त जवळचे वाटते. वरून मुदत, आतून खरेदी. ज्याने प्रीदवर जमीन घेतली त्याला ती परत करायची नव्हती, आणि देणाऱ्यालाही ते माहीत असे. विक्रीला बंदी होती म्हणून हा कपडा घातला.

सातबारा
मुदतखरेदीत मुदत टळली की खरेदी कायम होते. प्रीदमध्ये ती कधीच कायम होत नाही, पणतूही पैसे घेऊन दारात उभा राहू शकतो. हा भेद पुसू नका. याच भेदावर खटले चालले असतील.

पाणंद
‘कुळाची जमीन’ यावर बोलू का? वेल्शमध्ये त्या भाऊबंदांच्या जमिनीला ‘ग्वेली’ म्हणतात. शब्दाचा रोजचा अर्थ ‘बिछाना’. एका बिछान्यावरची संतती ती एक ग्वेली, आणि तिला मूळ पुरुषाचे नाव. आपल्या देशावरच्या गावात हेच ‘थळ’. अमक्याचे थळ, तमक्याचे थळ. माणसे बदलली, वंश बुडाला, तरी थळाला पहिल्या घराण्याचे नाव राहायचे. थळकरी म्हणजे मिरासदार. ग्वेलीला ‘थळ’ लिहिले तर बाकीचे शब्द आपोआप जागी पडतील.

वाटणीची वेल्श रीतही ऐकण्यासारखी आहे. धाकट्या भावाने वाटे घालायचे आणि थोरल्यापासून क्रमाने एकेकाने उचलायचे. वाटे घालणाऱ्याच्या पदरात उरलेला वाटा, म्हणून तो सारखेच घालणार. घर मात्र धाकट्याचे, आणि त्याबरोबर कढई, कुऱ्हाड आणि नांगराचे पाते. १५४३ च्या कायद्याने ही वाटणी बंद झाली आणि सगळे थोरल्याकडे गेले.

मोडीवाचक
आणि सर जॉनला त्याचे जराही दुःख नव्हते! त्याने स्वतःच्या घराण्याची बखर लिहून ठेवली आहे. या वाटण्यांनीच आपले पूर्वज दरिद्री झाले, असे त्याचे म्हणणे. पणजोबा मरेदिथ मुलूख सोडून डोंगरापलीकडे आला, कारण राहिला असता तर भाऊबंदांना मारावे लागले असते, नाहीतर त्यांच्या हातून मरावे लागले असते. ‘भाऊबंदकी’ हा शब्द इथे न वापरणे म्हणजे करंटेपणा.

देऊळवाडा
उशिरा आलो. त्याच दप्तरातले आणखी एक प्रकरण आहे. लानरूस्तच्या चर्चला मिळणाऱ्या उत्पन्नाचा पट्टा सर जॉनला हवा होता आणि बिशप विल्यम मॉर्गन यांनी तो दिला नाही. १६०३-०४ च्या सुमाराची ही पत्रापत्री आहे. मॉर्गन म्हणजे १५८८ मध्ये संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणणारे. ते ग्विदिरचीच जमीन कसणाऱ्या एका कुळाच्या पोटी जन्मले, म्हणून सर जॉनला हा नकार कृतघ्नपणा वाटला. लोकांनी चर्चला द्यायच्या आपल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाला आम्ही ख्रिस्ती मराठीत ‘दशमांश’ म्हणतो. बायबलातला आणि मंडळीतला रोजचा शब्द आहे. ‘दशमांशाचा मक्ता’ लिहावे असे सुचवतो. ‘धार्मिक कर’ वगैरे लिहू नये, तो कुठल्याही चर्चमधल्या माणसाला ओळखू येणार नाही.

शब्दवेध
दशमांश उत्तम. मक्ता पुन्हा अरबी.

देऊळवाडा
मक्ता अरबी असेल, पण माझ्या आजोबांनी आंब्याच्या बागेचा मक्ता घेतला होता, ठेका नव्हे की अनुबंध नव्हे.

कोरा_कागद
नावांचे काय करू? मॉरिसपासून ‘विन’ हे आडनाव पक्के झाले. त्याआधी सगळे ‘अमका आप तमका आप फलाणा’. प्रत्येक ठिकाणी ‘चा मुलगा’ लिहिले की वाक्य संपतच नाही.

मोडीवाचक
‘बिन’ लिहा! राणोजी बिन पिलाजी. मराठी कागदांत ‘आप’ला याहून चपखल जोड नाही. तिकडे आप ह्यू चे प्यू झाले, आप रीसचे प्राइस, आप हाउएलचे पॉवेल.

पाणंद
आणि ‘विन’ म्हणजे ग्विन, पांढरा. म्हणजे आपले गोरे.

शब्दवेध
‘मरेदिथ बिन येवान’ वाचून लोकांना वेल्समध्ये अरब आल्यासारखे वाटेल. मूळ ‘आप’ ठेवा, पहिल्यांदा अर्थ सांगा. वाचकाला इतके कळते.

माजघर
बायकांचे काय? आपल्या जुन्या कागदांत बाई ‘सखू कोम गणू’, नाहीतर ‘भ्रतार अमुक’. नवऱ्याच्या नावाने.

कार्डिफकर
वेल्श कागदांत ती बापाची. ‘कॅथरिन वेर्ख तुदुर’, तुदुरची मुलगी. चार नवरे झाले तरी तेच नाव चालायचे. म्हणून ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लिहिले तर सरळसरळ चूक होईल.

मोडीवाचक
मग ‘बिन्त’?

शब्दवेध
‘कन्या’ हा शब्द कुणी पळवला का?

सातबारा
खरेदीखतात अजूनही ‘यांची कन्या’ लिहितात, त्यामुळे त्याला हरकत नाही. ‘बिन’ आणि ‘कन्या’ एका ओळीत कसे दिसतील ते मात्र लिहून पाहा.