तलाव शाळेच्या मागे अन् पोरांना पत्ता नाही, काय करावं? (साकोलीकडून)

बोडीकाठ
नमस्कार मंडळी, भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातून लिहून राहिलो. गावात आम्ही सात-आठ जण मिळून वाचनालय चालवतो, पन्नासेक पोरं येतात. अडचण अशी का शाळेच्या मागे मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) आहे, पाळीवर चढलं का धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यापलीकडे जंगल, आणि पोरांना त्यातलं काहीच ठाऊक नाही. परवा एकाला विचारलं आपल्या तलावात कोणते मासे सापडतात, तर म्हणे बाजारातले. मागच्या वर्षी वर्गणी काढून बाहेरून पेंटर बोलावला, भिंतीवर वाघ काढून घेतला, फोटोबिटो झाले, आठ दिवसांनी त्याच वाघाला कोणीतरी बैलबंडी टेकवून ठेवली. आता नाटक, गाणी, चित्र काहीही चालेल, फक्त लोक घरून निघून शिवारात गेले पाह्यजेत. बजेट पंधरा हजार. कोणी केलं असेल तर सांगा.

धानबांधी
मी गडचिरोलीतल्या वडशाचा. भाऊ, सगळ्यात आधी तारीख पहा. दिवाळी झाली का हलका (लवकर येणारा) धान, मग भारी (उशिराचा) धान, मग पुंजणे म्हणजे धानाचे ढीग, मळणी, तोवर तुमच्या कार्यक्रमाले कुत्रंही येणार नाही, राग मानू नका. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकाचा सीझन भाऊबीजेपासून होळीपर्यंत असतो पण खेड्यातली खरी गर्दी हात मोकळे झाल्यावरच. पहिले दिवसा शंकरपट (बैलांची शर्यत) अन् रात्री नाटक, असा जोड होता. माणसं बंडी जुंपून पाहुण्यांकडे यायची, दिवसभर दाणीवर म्हणजे पट पळतो त्या पट्टीवर, रात्रभर मंडपात. 2014 मध्ये कोर्टाने पट बंद केले, नाटक चालू राहिलं पण दिवसाचं शिवारात उभं राहणं गेलं. 2023 मध्ये परवानगी कायम झाली तेव्हा आमच्याकडे म्हातारे लोक पहिल्यांदा दाणीच पाहायला गेले.
पंधरा हजारात कंपनीचं नाटक होत नाही, त्या नादी लागू नका. खडी गंमत घ्या, आपल्याकडची उभ्या उभ्या गाणी-सोंगांची लोककला. ढोलकी, टाळ, तुणतुणं अन् चार-सहा माणसं, स्टेज नको, लाईट नको, पाळीवरसुद्धा होते. त्यात बोलणं जागेवरच जुळवतात म्हणून शाहिराला आदल्या दिवशी तलावावर फिरवून आणा, कोणाच्या बांधीत पाणी पोचत नाही ते सांगा, तो रात्री बरोबर काढते.

वऱ्हाडी_ठेचा
म्या अकोल्याकडची, आमच्याकडे मामा तलाव नाही पण भुलाबाई हाये. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर गाणी म्हणतात, शेवटी खिरापत ओळखायची. कोजागिरीले भुलाबाईवर ज्वारीच्या पाच धांड्यांचा (ताटांचा) मांडव लागते. तीन वर्षांपूर्वी आम्ही वार्डातल्या पोरींची भुलाबाई बसवली अन् ऐनवेळी धांडे मिळेनात, कारण जिकडेतिकडे सोयाबीन नाहीतर कपाशी. कोणी म्हणे थर्माकोलचे करू. म्या म्हटलं नाही करत. बावीस पोरी घेऊन निघालो, दोन गावं पालथी घातली, तिसऱ्या गावात एका बुवाच्या धुऱ्यावर बैलापुरती ज्वारी होती. त्यानं पाच धांडे देण्याआधी पोरींले सगळं वावर फिरवलं, कणसावर कोणतं पाखरू कसं बसते ते दाखवलं, अन् वरून म्हणे आता मले गाणं म्हणून दाखवा. पोरींले गाणं अर्धंच येत होतं, पुढचं त्याच्या बायकोनं म्हटलं. आता दरवर्षी तिकडेच जातो.
सांगायचं हे का कार्यक्रमात असं काहीतरी ठेवा जे दुकानात भेटत नाही.

मरळ
सगळं बरोबर आहे पण आम्हा ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या लोकांना विचारलं का कोणी? तलाव कोहळी समाजाने बांधले, मालगुजारी म्हणजे जमीनदारी 1950 च्या कायद्याने गेली, तलाव सरकारकडे आले, हे भाषणात सगळे सांगतात. पाण्यात रोज उतरतो कोण? डाडक मासा कुठं बसते, बेशरमाच्या झाडाने काठ कसा खाल्ला, देवधान (रानभात) कुठं उगवते, हे आमच्या घरच्या बायांना पाठ आहे. आमच्या भागात बायांनी बेशरम उपटून तलावात देशी वनस्पती लावल्या, मासळी परत दिसू लागली. आणि कार्यक्रमात काय तर पाहुण्यांचा सत्कार, आम्ही चहा नेऊन देणार.
माझा सल्ला, शाळेच्या मैदानात चुन्याने तलाव काढा, मोठा, चालता येईल असा. पाळ, सांडवा, तुडूम (पाणी सोडायचं दार), खोल जागा, गाळाची जागा. काढायला लावा पोरांना, सांगणाऱ्या बाया आमच्या. चुकलं की पोरगं पळत जाऊन खऱ्या पाळीवर बघून येईल. आणि शाहिराला जेवढं मानधन तेवढंच त्या बायांना, पाकिटात घालून, सगळ्यांसमोर.

धानबांधी
मरळभाऊ, हे पटलं. गंमतीत राधा, म्हणजे नाचणारी बाई, पोरगाच असतो, त्याला मासे विकणारी बाई करा आणि भाव करताना एकेक माशाचं नाव काढवा. लोक हसून हसून पडतील, नावं डोक्यात राहतील.

मास्तर_बिनछडीचे
एक कोरडी सूचना. तुमच्याकडे नवेगाव-नागझिरा जवळ आहे, 2013 पासून व्याघ्र प्रकल्प. रात्री पाळीवर पोरं नकोत, गंमत चार वाजता सुरू करून दिवस मावळायच्या आत आटपा. जंगलाच्या बाजूला जायचं असेल तर वनरक्षकाला सोबत घ्या. मोहफुलाच्या दिवसात पहाटे तर अजिबात नको, वाकून वेचणाऱ्या माणसावर तेव्हा हल्ले होतात. आणि पोहणारे दोन मोठे माणसं काठावर हवेतच.

बोडीकाठ
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. मरळभाऊ, खरं सांगतो, ढिवर मोहल्ल्यात मी अजून गेलोच नव्हतो, काल गेलो. एक आजी म्हणाल्या पोरं आणजो पण चपला घालून डोंग्यात (होडीत) चढायचं नाही. तारीख जानेवारीत धरली, मळणी झाल्यावर. चुन्याचा तलाव सकाळी, गंमत चार वाजता. ताई, खिरापतीची आयडिया चोरली, शिंगाडे ठेवतो, तोवर संपले तर बोरं. पाकिटं सारखीच.
आता एकच, तुणतुणंवाला कोणाच्या ओळखीत आहे का, आमच्याकडचा पुण्याला कंपनीत लागला.

धानबांधी
आहे, मेसेज टाकतो. जायचं-यायचं पेट्रोल वेगळं द्या फक्त.