ठमी शू करताना ओरडते, औषधाचे दोन कोर्स झाले, आता तिसरा द्यावा का?

ठमीवाली

माझ्याकडे दोन गिनी पिग आहेत, ठमी आणि चिमी. दोघी माद्या. प्रश्न ठमीचा आहे, ती साडेतीन वर्षांची आहे.

दीड महिन्यापूर्वी पिंजऱ्यातलं फ्लीस, म्हणजे खाली अंथरायचं मऊ कापड, बदलताना बोटाच्या पेराएवढा गुलाबी डाग दिसला. आदल्या दिवशी बीटाचा तुकडा दिला होता, त्याचाच रंग असेल असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी बीट नव्हतं आणि डाग होता. मग लक्ष ठेवून बसले. ठमी कोपऱ्यात जाते, पाठ कमानीसारखी वर काढते, मागचा भाग उचलते आणि बारीक, लांबलचक 'कुईईई' करते. खाऊसाठी ओरडते तो आवाज वेगळा. हा मी साडेतीन वर्षांत कधी ऐकला नव्हता.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, इन्फेक्शन आहे म्हणाले आणि ट्रायमेथोप्रिम-सल्फाचं पातळ औषध सात दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी ओरडणं थांबलं. कोर्स संपला आणि नवव्या दिवशी परत सुरू. मग चौदा दिवसांचा कोर्स. पुन्हा तेच: औषध चालू आहे तोवर बरं, बंद केलं की आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. आता तिसरा कोर्स द्या म्हणतात. लघवीची तपासणी नाही, एक्स-रे नाही. डॉक्टर मनाने चांगले आहेत, पण त्यांच्याकडे कुत्री-मांजरंच जास्त येतात.

महिन्यापूर्वी ठमीचं वजन ९६० ग्रॅम होतं, आज सकाळी ८९५ भरलं. पेलेट (खाद्याच्या तयार गोळ्या) खाते, गवत मात्र नुसतं हुंगून सोडते. फ्लीसवर लघवी वाळली की पांढरी पूड राहते, ती मूतखड्याची खूण असते का? एक्स-रेसाठी भूल द्यावी लागते का? एवढ्याशा जिवाला भूल सोसेल का, या विचाराने मला झोप लागत नाहीये.

गवतकाडी

ताई, तिसरा कोर्स सुरू करायच्या आधी एक्स-रे काढून घ्या. इतकं ठासून सांगतोय, कारण माझ्या गुंड्याच्या बाबतीत मी चार महिने हेच केलं. शू करताना ओरडला की औषध, थांबला की बंद, परत ओरडला की परत औषध. मला वाटायचं उन्हाळे लागलेत, पाणी जास्त पोटात गेलं की जातील. शेवटी एक्स-रे काढला तर मूत्राशयाच्या जागी एक पांढरा गोल ठिपका, हाडांपेक्षाही उजळ. मला फिल्ममधलं ओ की ठो कळत नाही, तरी तो ठिपका दारातूनच दिसला.

औषधाने बरं वाटतं यात खोटं काही नाही. खडा आतल्या अस्तराला घासत राहतो, तिथे सूज येते, त्यात जंतू वाढतात. अँटिबायोटिकने जंतू मरतात, सूज उतरते, प्राणी शांत होतो. खडा जिथल्या तिथे राहतो. औषध बंद झालं की तोच फेरा पुन्हा. तुम्ही जे लिहिलंय ते वाचताना मला माझीच जुनी वही वाचल्यासारखं झालं.

एक्स-रेसाठी भूल लागतेच असं नाही. गुंड्याला टॉवेलमध्ये धरून दोन मिनिटांत काढला. फारच धडपड केली तर हलकी गुंगी देतात. फक्त एक सांगा तिथे: फोटो मागच्या टोकापर्यंत घ्या. खडा कधी मूत्राशयातून निघून मूत्रमार्गात येऊन बसतो आणि फोटो अर्ध्यावर कापला असेल तर नेमका तोच सुटतो.

पांढऱ्या पुडीचं म्हणाल तर ती थोडी असतेच. माणसाच्या आतड्यात कॅल्शियम बरंचसं गरजेप्रमाणे शोषलं जातं. यांच्या आतड्यातून जास्तीचंही आत जातं आणि मग ते मूत्रपिंडांना लघवीवाटे बाहेर टाकावं लागतं. म्हणून यांची लघवी मुळातच गढूळ असते आणि वाळली की खडूसारखी दिसते. वाळलेली पूड चिमटीत घेऊन चोळून बघा. पिठासारखी लागली तर चालेल. बारीक वाळूसारखी कचकचली तर डॉक्टरांना जरूर सांगा, नमुना पुडीत घालून घेऊन जा. मी दोन महिने ती कचकच बोटांना जाणवत असूनही फ्लीस झटकून धुवायला टाकत होतो.

गुंड्याचं ऑपरेशन झालं, पोट आणि मूत्राशय उघडून खडा काढला. डॉक्टरांनी तो एका छोट्या डबीत घालून दिला, अजून माझ्या टेबलावर आहे. मुगापेक्षा मोठा, हरभऱ्यापेक्षा लहान, फिकट पिवळसर, आणि सगळीकडून खरबरीत. नख फिरवलं की खरखरतं. हे घेऊन तो चार महिने हिंडत होता.

ऑपरेशनपेक्षा नंतरचे तीन दिवस अवघड गेले, आणि त्याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगतो. भुलीतून उठलेला गिनी पिग खायला बघत नाही, आणि यांचं आतडं एकदा थांबलं की परत चालू करणं फार कठीण. दर दोन-तीन तासांनी सिरिंजने भरवत होतो. आजारी शाकाहारी प्राण्यांसाठीची पावडर मिळते ती पाण्यात कालवून. ती नसेल तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून, बारीक कुस्करून. एक मिलीची सिरिंज, पुढच्या दातांच्या मागून बाजूने घालायची, थेंब-थेंब द्यायचं, त्याने चावून गिळलं की पुढचं. घाई केली तर श्वासनलिकेत जातं. पहिली लेंडी पहाटे चारला पडली, सुकलेली आणि एका टोकाला निमुळती. मी ती कागदावर उचलून ठेवली आणि डॉक्टरांना फोटो पाठवला.

सोनसाखळी

एक्स-रे, ऑपरेशन एवढ्या लांब लगेच कशाला जायचं? आमच्या मांजराला असंच झालं होतं, अमॉक्सिसिलिनच्या सिरपने आठ दिवसांत बरं झालं. बाटली उरली असेल तर दोन थेंब देऊन बघायचे. आणि क्रॅनबेरीचा रस लघवीच्या त्रासावर चांगला असतो.

निशिगंध

सोनसाखळी, तुम्ही काळजीपोटी लिहिलंय हे कळतंय, पण कृपया हे कोणी करू नका. मी प्राण्यांची डॉक्टर आहे, ससे आणि गिनी पिग रोज बघते. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं गिनी पिगला तोंडावाटे दिली तर त्याच्या मोठ्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जंतू वाढतात, त्यांचं विष रक्तात जातं आणि प्राणी काही दिवसांत जाऊ शकतो. मांजराला तारणारं औषध इथे मारक ठरतं. ठमीला मिळालेलं ट्रायमेथोप्रिम-सल्फा सुरक्षित गटातलं आहे, तिच्या डॉक्टरांनी त्यात चूक केलेली नाही. क्रॅनबेरीच्या रसातून मुख्यतः साखर जाते, ती यांच्या पोटाला नको. आणि यांचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. मांजराचे काही खडे आहार बदलून विरघळवता येतात, हे तसे विरघळत नाहीत.

ठमीवाली, गवतकाडींनी सांगितलेलं बरोबर आहे, त्यात थोडी भर घालते. ठमी मादी आहे. माद्यांमध्ये फ्लीसवर दिसलेलं रक्त लघवीतलंच असेल असं नाही, ते गर्भाशयातूनही येऊ शकतं, आणि या वयात अंडाशयाच्या गाठी वारंवार सापडतात. म्हणून एक्स-रेबरोबर सोनोग्राफीही करून घ्या. लघवीचा नमुना जमलं तर डॉक्टरांनी सुईने थेट मूत्राशयातून घेतलेला असावा आणि तो कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, जावा. फ्लीसवरून उचललेल्या लघवीत लेंड्यांमधले जंतू मिसळतात, त्यातून काही निदान होत नाही. नमुना तिसरा कोर्स सुरू व्हायच्या आधी घ्या.

वेदनाशामकाचं विचारा. शू करताना ओरडणाऱ्या प्राण्याला फक्त अँटिबायोटिक देऊन घरी पाठवू नये. आम्ही बहुतेक वेळा मेलॉक्सिकॅम देतो, पण डोस वजनावर आणि मूत्रपिंडांच्या स्थितीवर ठरतो, म्हणून तो डॉक्टरांकडूनच घ्या. वेदना कमी झाली की पुष्कळदा गवतही खायला लागतात.

भुलीची भीती रास्त आहे, गिनी पिगसाठी ती मांजरापेक्षा जोखमीची असतेच. पण हाताशी बऱ्याच गोष्टी आहेत. या प्राण्यांची भूल रोज हाताळणारे डॉक्टर शोधा. रात्रभर उपाशी ठेवा असं कोणी म्हणालं तर कारण विचारा. गिनी पिगला उलटी होत नाही आणि रिकामं आतडं त्याच्यासाठी धोक्याचं. अंगाखाली ऊब लागते, ती ऑपरेशन टेबलापासून शुद्धीवर येईपर्यंत सुटता कामा नये. माद्यांचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे लहान खडा मुखाशी आला असेल तर भूल देऊन चिमट्याने अलगद काढता येतो, पोट उघडावं लागत नाही. नरांच्या बाबतीत हे फारच क्वचित जमतं.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी: जोर लावतेय पण थेंबही येत नाही, पोट टणक लागतंय, दात कराकरा वाजवतेय, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. लघवी पूर्ण तुंबली तर काही तासांत जिवावर बेततं.

सोनसाखळी

मला हे माहीत नव्हतं. ती बाटली आजच टाकून देते, घरात ससाही आहे. ठमीला लवकर बरं वाटू दे.

ठमीवाली

निशिगंध, सगळं वहीत उतरवून घेतलं. परवाची वेळ मिळाली आहे, दुसऱ्या डॉक्टरांकडे. गवतकाडी, गुंड्याला परत झाला का हो खडा?

गवतकाडी

झाला, अकरा महिन्यांनी. खडा नव्हता, गाळ होता. भूल देऊन नळीने मूत्राशय धुऊन काढलं. तेव्हा मी पेलेटच्या पिशवीची मागची बाजू पहिल्यांदा नीट वाचली. पहिलाच घटक लसूणघास. त्यात कॅल्शियम भरपूर, वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्या नराला नको. चार वर्षं वाटी भरून तेच देत होतो. आता टिमथी गवताचे पेलेट, दिवसाला चमचाभर, बाकी टिमथी गवत हवं तेवढं. पालक, पार्सली आणि केल या पालेभाज्या बंद. ढोबळी मिरची रोज, कारण क जीवनसत्त्व यांच्या शरीरात तयार होत नाही. काकडी आणि लेट्यूस धुऊन, न पुसता, ओलंच देतो, तेवढंच पाणी पोटात जातं. बाटलीशिवाय एक जड वाटीही ठेवली आहे. कॅल्शियम पार बंद करायचं नसतं, हाडांना लागतंच, हेही डॉक्टरांनी बजावलं. दीड वर्ष झालं, दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढतो, अजून स्वच्छ आहे. पुढचं मी सांगू शकत नाही.

ठमीवाली

उशिरा लिहितेय, आठवडा भरवण्यातच गेला.

खडाच निघाला. पाच मिलिमीटर, मूत्रमार्गाच्या मुखापासून थोडाच आत. फोटो मागच्या टोकापर्यंत घ्या असं मी दोनदा सांगितलं आणि तो नेमका फिल्मच्या कडेलाच दिसला. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयावर लहान गाठ आहे, तिच्यावर सध्या फक्त लक्ष ठेवायचं. पोट उघडावं लागलं नाही, भूल देऊन चिमट्याने काढला. मी बाहेर बसले होते, चाळीस मिनिटं. गवत बरोबर नेलं होतं, शुद्धीवर येऊन अर्ध्या तासात तिने एक काडी तोंडात धरली, चावली नाही, नुसती धरून बसली. रात्री सिरिंजने भरवलं, पहिल्यांदा निम्मं हनुवटीवरून ओघळलं, मग जमलं. लेंड्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाल्या. कल्चरमध्ये ई. कोलाय हे जंतू आले, त्यावर चालणारं औषध तीन आठवडे आहे, आणि वेदनेचं पाच दिवस होतं.

पेलेटची पिशवी वाचली. आमच्याकडेही लसूणघासच. चिमीलाही तेच जात होतं म्हणून तिचाही एक्स-रे काढून घेतला, तिचा स्वच्छ आहे.

ठमी आज ९२२ ग्रॅम. सकाळी कोपऱ्यात गेली, पाठ न उचलता शू केली आणि काही आवाज न करता गवताकडे वळली.