मेमरी भरली की लिनक्स गोठते आणि माउसही हलत नाही, तेव्हा काय करावे?

ग्रंथसूची:
नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयातील जुन्या पुस्तकांची सूची मी वर्षभर एका जुन्या लॅपटॉपवर तयार करत आहे. त्यात ४ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आणि लिनक्स आहे. एकीकडे सूचीचा तक्ता आणि दुसरीकडे ब्राउझरमध्ये स्कॅन केलेली पाने उघडी असली, की तासाभरात लॅपटॉप हँग होतो. आधी टंकलेली अक्षरे उशिरा उमटू लागतात, मग माउसचा बाण जागीच थिजतो आणि डिस्कचा दिवा मात्र अखंड पेटलेला राहतो. परवा मी पंचवीस मिनिटे वाट पाहिली आणि शेवटी बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला. त्यात चाळीसेक नोंदी गेल्या, आणि त्यांतल्या काही पुस्तकांची पहिली पाने फाटलेली असल्यामुळे प्रकाशनवर्ष शोधण्यातच माझी अख्खी सकाळ गेली होती. मेमरी संपत आली तर एखादा प्रोग्रॅम बंद करून यंत्र स्वतःला सावरत का नाही? बटण दाबून बंद करण्यावाचून दुसरा मार्ग आहे का?

कर्नलवाचक:
आपल्या वर्णनातील पेटलेला दिवा हीच खरी खूण आहे. यंत्र थांबलेले नसते, ते डिस्क वाचण्यात बुडालेले असते. रॅम कमी पडू लागली की कर्नल (लिनक्स प्रणालीचा गाभा) आधी मेमरीतील अशी पाने (म्हणजे छोटे तुकडे) काढून टाकतो जी डिस्कवरून पुन्हा वाचता येतील, आणि चालू प्रोग्रॅमचा कोडही त्यातच मोडतो. पुढच्याच क्षणी तो कोड लागतो, म्हणून तो पुन्हा वाचावा लागतो आणि त्यासाठी दुसरे एखादे पान काढावे लागते. रॅममधून वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या डिस्कवर हवी ती जागा गाठायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ एक लाख पट वेळ. मेमरी संपल्यावर एखादी प्रक्रिया (म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम) बंद करणारी ‘ओओएम किलर’ ही यंत्रणा कर्नलमध्ये आहे. परंतु काढण्याजोगी पाने सापडत आहेत तोवर मेमरी संपली असे कर्नल मानत नाही, आणि त्यामुळे ती यंत्रणा फार उशिरा जागी होते. २०१९च्या ऑगस्टमध्ये कर्नलच्या मेलिंग लिस्टवर नेमक्या याच तक्रारीवर मोठी चर्चा झाली होती.

जुनेयंत्र:
मी माझ्या संगणकावर स्वॅप (रॅममधला डेटा तात्पुरता ठेवण्यासाठी डिस्कवर राखलेली जागा) पूर्णपणे बंद केले आहे. डिस्कवर टाकायला जागाच नसेल तर हा प्रकार होणार नाही, असे मला वाटते.

कर्नलवाचक:
आपला तर्क समजतो, तरी तो सल्ला मी देणार नाही. प्रोग्रॅमचा कोड स्वॅपमध्ये जात नाही, तो मूळ फाइलमधूनच पुन्हा वाचला जातो. स्वॅप नसल्यास तासन्‌तास न वापरलेला डेटाही रॅममध्ये अडून बसतो, आणि मग कोडच जास्त वेळा बाहेर फेकला जातो.

रात्रपाळी:
उपायांचे बोलायचे तर ‘अर्लीऊम’ हा छोटा प्रोग्रॅम बसवावा. उपलब्ध रॅम आणि मोकळे स्वॅप दोन्ही १० टक्क्यांखाली गेले की तो सर्वांत जड प्रक्रियेला बंद होण्याची विनंती करतो, आणि दोन्ही ५ टक्क्यांखाली गेले तर तिला सक्तीने बंद करतो. फेडोरा वर्कस्टेशन या लिनक्सच्या प्रकाराने २०२०मध्ये, आवृत्ती ३२पासून, तो मुळातच सुरू ठेवला होता. तक्त्याच्या प्रोग्रॅमला हात लावू नये असे त्याला सेटिंगमध्ये सांगता येते, आणि आपल्या बाबतीत ते आवर्जून करावे. ब्राउझरचा टॅब पुन्हा उघडता येतो, नोंदी परत येत नाहीत.

तरीही गोठलेच, तर ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनचीच कळ) धरून एफ दाबावे. ही आज्ञा थेट कर्नलकडे जाते आणि ओओएम किलर तिथल्या तिथे चालतो. मात्र उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात या कळांच्या परवानगीचे मूळ मूल्य १७६ असते आणि त्यात एफ बसत नाही, त्यामुळे आधी त्यात ६४ मिळवून २४० करावे लागते. १७६ असतानाही त्याच कळांसह एस, यू आणि बी क्रमाने, मध्ये थोडे थांबून, दाबता येतात. एस डिस्कवर लिहायचे राहिलेले लिहून घेते, यू डिस्क फक्त वाचनापुरती ठेवते आणि बी यंत्र पुन्हा सुरू करते. आपण तक्ता जतनच केला नसेल तर तो याने वाचणार नाही, परंतु बटण दाबून धरण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

ग्रंथसूची:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल अर्लीऊम बसवला, तक्त्याला वगळले आणि परवानगीचे मूल्य २४० केले. आज दुपारी अक्षरे उशिरा उमटू लागली तेव्हा स्कॅनचा एक टॅब आपोआप बंद झाला, आणि तक्ता होता तसाच उघडा राहिला. गेलेल्या नोंदींसाठी फाटक्या पानांची ती पुस्तके मी आज पुन्हा कपाटातून काढली आहेत.