एअर विंगमध्ये सार्जंट झालेय, पण कमांड देताना आवाजच फुटत नाही

तळ्यात_मळ्यात

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एसवायला आहे, एनसीसी एअर विंगचं दुसरं वर्ष. गेल्या महिन्यात रँक लागल्या आणि मला सार्जंट केलं. घरी पेढे झाले, आईने रँकवाला फोटो स्टेटसला ठेवला, आणि मला मात्र तेव्हापासून शनिवार रात्र झाली की पोटात गोळा, कारण रविवारी स्क्वाड मला चालवायचा असतो. रांगेत असताना माझी ड्रिल बरी होती, निदान कुणी कधी बोट ठेवलं नाही, पण आता समोर उभं राहून 'स्क्वाड सावधान' म्हणताना आवाज असा काही चिरकतो की मागच्या रांगेतली खुसखुस मला इथे ऐकू येते. गेल्या रविवारी तर 'थम' चुकीच्या पायावर दिला, अर्धे थांबले, अर्धे त्यांच्यावर जाऊन आदळले. फर्स्ट इयरची पोरं अजून हसतायत.

दुसरं म्हणजे माझ्याच बॅचचे दोघं आहेत ज्यांना रँक मिळाली नाही. मुद्दाम उशिरा येतात, बेरे (युनिफॉर्मची टोपी) खिशात, काही बोललं की 'हो मॅडम' असं लांबवून म्हणतात. सीनियर म्हणतो ग्राउंडला पाच राउंड मारायला लाव, सरळ होतील. लावू का? पुढच्या महिन्यात सीएटीसी (वार्षिक ट्रेनिंग कॅम्प) आहे, दहा दिवस, तिथल्या ड्रिल कॉम्पिटिशनला मीच कमांडर. त्यात एरोमॉडेलिंगच्या (छोटी विमानं बनवून उडवायची) टीमसाठी पण नाव मागितलंय. सगळं झेपेल असं वाटत नाहीये, रँक परत देता येते का हो?

जुना_सीयूओ

रँक परत द्यायचा विचार डोक्यातून काढ आधी. चिरकणारा आवाज आम्हा सगळ्यांचाच होता, फक्त आता कुणी कबूल करत नाही.

तू बहुतेक घशातून ओरडतेयस. घशातून ओरडलं की आवाज वर चढतो आणि फाटतो, आणि कॅम्पच्या तिसऱ्या दिवशी पूर्ण बसतो, मग मेसमध्ये चहा मागायला पण खुणा कराव्या लागतात (स्वानुभव). पोटात श्वास भरून घे आणि आवाज खालच्या पट्टीत ठेव. आणि मुख्य म्हणजे कमांडचे दोन तुकडे असतात ते विसरू नको. 'दाहिने' हा इशारा, तो लांबवून द्यायचा, मग थांबायचं, मग 'मुड' एकदम तुटक. नवीन पोरं घाबरून 'दाहिनेमुड' एका दमात उरकतात, मग स्क्वाडला तयार व्हायला वेळच मिळत नाही आणि प्रत्येक जण आपापल्या सवडीने वळतो. मधली थांबण्याची वेळ दर कमांडला सारखी पाहिजे. स्क्वाड शब्दापेक्षा त्या गॅपवर चालतो हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

'थम'चं म्हणशील तर कुठल्या पायावर द्यायचा ते तुला पाठ आहेच, गडबड होते कारण तू बघतेयस पोरांच्या चेहऱ्याकडे. त्यांच्या टाचांकडे बघ आणि मनातल्या मनात बाएं दाहिने बाएं चालू ठेव. तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं. मोबाईलवर मेट्रोनोम लावून १२० वर ठेव आणि घरी कदमताल (जागच्या जागी पावलं टाकणं) करत स्वतःलाच कमांड दे. गच्चीवर मैत्रिणीला लांबच्या टोकाला उभी कर, तिला शब्द स्पष्ट कळला पाहिजे, नुसता आवाज पोचून उपयोग नाही. कॉम्पिटिशनचा सगळा सिक्वेन्स कागदावर लिहून बसमध्ये, आंघोळीला, कुठेही घोकत राहा. खुली लाइन आणि निकट लाइनमध्ये (रांगांमधलं अंतर वाढवणं आणि परत कमी करणं) हमखास दांडी उडते लोकांची.

रगडा_फॅन

राउंड लाव बिनधास्त. आमच्या वेळी फ्रंट रोल होते, कोपर सोलून निघायचं, कुणी मेलं नाही. आजकालच्या पोरांना सगळं गोडीगुलाबीने पाहिजे. एकदा भीती बसली की बेरे आपोआप डोक्यावर येते.

निळी_बेरे

वरच्या दादांशी अजिबात सहमत नाही. मी तीन वर्षं एअर विंग केलं, कॅम्पला सीनियर होते. आमच्याकडे एका 'कडक' सीनियरने असेच राउंड लावले होते, मे महिना, पोरगा सकाळी काही न खाता आलेला, तिसऱ्या राउंडला चक्कर येऊन पडला. डोकं खालच्या कडप्प्यावर आपटता आपटता वाचलं. मग एएनओ (एनसीसी सांभाळणारे शिक्षक) सरांसमोर तो सीनियर एकटाच उभा होता, बाकी 'भीती बसव' म्हणणारे कुणी दिसले नाहीत. शिक्षा देणं हे कॅडेटचं कामच नाही गं, तू फार तर नाव लिहून घेऊन एएनओ किंवा जीटीआयना (एअरफोर्सचे ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर) सांगू शकतेस.

त्या दोघांचं दुखणं वेगळंय. काल तिघं एकत्र वडापाव खात होतात, आज तू समोर. माझ्या बॅचमेटने पण हेच केलेलं, मी तिला परेडनंतर बाजूला घेऊन एवढंच विचारलं की गार्ड ड्यूटीचा तक्ता तू लावशील का, मला हिशोब जमत नाही. खोटं नव्हतं, खरंच जमत नव्हता. तिने असा तक्ता लावला की कुणाची सलग दोन रात्री ड्यूटी नाही आली. टोमणे पूर्ण थांबले नाहीत पण वेळेवर यायला लागली. तुझ्या दोघांतला ज्याची ड्रिल जास्त चांगली त्याला दर्शक (रांगेच्या टोकाचा, ज्याला बघून बाकीचे उभे राहतात) कर. सगळी लाइन त्याच्यावरून सजणार म्हटल्यावर उशिरा कसा येईल?

आणि एक छोटी गोष्ट, रिफ्रेशमेंट वाटताना स्वतःचा समोसा शेवटी घे. पोरं ड्रिल विसरतात पण हे बघून ठेवतात. एकदा दोन कमी पडले, मला मिळाला नाही, आठवडाभर माझ्या कमांडला कसले पाय वाजत होते!

पाटीवरचा_खडू

मी ज्युनियर डिव्हिजनला एएनओ आहे, शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे थोडं मास्तरी बोलणं चालवून घ्या.

एरोमॉडेलिंग सोडू नकोस. एअर विंगला एअर विंग म्हणायचं ते त्यामुळे आणि फ्लायिंगमुळे, नाहीतर परेड तर आर्मी विंगपण करते. १९५० साली मुंबई आणि कोलकात्याला पहिली एअर स्क्वाड्रन्स उभी राहिली ती मुलांना विमानाची गोडी लागावी म्हणूनच. बाल्साची (हलक्या लाकडाची) फळी घासून पंखाला आकार देताना लिफ्ट (वर उचलणारा जोर) आणि ड्रॅग (हवेचा विरोध) बोटांना जसे कळतात तसे माझ्या फळ्यावर कधी कळत नाहीत. आमच्या एका मुलीचा ग्लायडर दर वेळी नाक वर करून धपकन पडायचा, ती वैतागून पंख बदलायला निघाली होती, शेवटी नाकाला चिमूटभर प्लास्टिसिन लावलं आणि पठ्ठ्या ग्राउंडच्या टोकापर्यंत सरळ गेला. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी त्या दिवसानंतर पुन्हा शिकवावं लागलं नाही. कंट्रोल लाइनला मात्र डोकं शांत पाहिजे, मॉडेल दोन तारांवर तुझ्याभोवती गोल फिरतं आणि तूही त्याच्याबरोबर गरगरतेस, पहिल्यांदा सगळे गवतात बसतात.

पण आधी कॅम्प होऊ दे. एरोमॉडेलिंगच्या सरांना सरळ सांग की कॅम्पनंतर पूर्ण वेळ येते, तोवर आठवड्यातून एक दिवस.

अजून एक, पुढे एअरफोर्सचा विचार असेल तर आत्ताच बघून ठेव. एअर विंगचं सी सर्टिफिकेट (एनसीसीची सगळ्यात वरची परीक्षा) असेल तर फ्लायिंग ब्रँचला एनसीसी स्पेशल एंट्री असते, एएफकॅटची (एअरफोर्सची प्रवेश परीक्षा) लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी (अधिकारी निवडीची मुलाखत-चाचणी), शॉर्ट सर्व्हिसमध्ये (ठरावीक वर्षांची नोकरी) मुलींनाही. मात्र बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच, ग्रॅज्युएशनला ६० टक्के लागतात. कॉमर्सची मुलं तिसऱ्या वर्षी हे ऐकून माझ्यासमोर रडलेली आहेत. परेडची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली तर सर्टिफिकेटच्या परीक्षेलाच बसता येणार नाही, हे त्या दोन उशीरवाल्यांनाही कानावर घाल, माझ्या नावाने घातलंस तरी चालेल.

रगडा_फॅन

बरं समोश्याचं पटलं. राउंडचं नाही.

तळ्यात_मळ्यात

सगळ्यांचे खूप आभार. सर, मी सायन्सचीच आहे, मॅथ्स होतं बारावीला, हे स्पेशल एंट्रीचं आम्हाला कुणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं. हजेरीचं दोघांना सांगितलं, एकाचा चेहरा उतरला, त्याची बहुतेक आधीच कमी आहे. त्यालाच दर्शक व्हायला विचारलं तर म्हणाला 'बघतो', पण आज दहा मिनिटं आधी आला होता आणि बेरे डोक्यावर. दुसरा अजून 'हो मॅडम'वरच आहे.

काल गच्चीवर पोटातून आवाज काढायचा सराव केला. 'थम' सलग सहा वेळा बरोबर पडला. सातव्यांदा खालच्या मजल्यावरचे काका वर आले, म्हणाले दुपारी झोपायची वेळ असते. मेट्रोनोम इअरफोनवर लावता येईल पण ओरडायचं कुठे? कोथरूडच्या आसपास मोकळी जागा माहीत असेल तर सांगा, टेकडीवर सकाळी फार लोक असतात.