शाळा निवडताना: जिल्हा परिषद, महापालिका, अनुदानित की खासगी?

प्रवेशाचे दिवस जवळ आले की लहान मुलांच्या घरी हा एकच विषय चालतो. या धाग्यात मतांपेक्षा अनुभव यावेत अशी विनंती आहे. आपण कोणती शाळा निवडली, वर्गात प्रत्यक्ष काय पाहिले, पैसे कशावर खर्च झाले आणि नंतर कोणत्या अडचणी आल्या, ते सविस्तर लिहावे. शाळांची आणि व्यक्तींची नावे टाळावीत.

एक आई, कोरेगाव तालुका, जि. सातारा

आमच्या गावातून सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या गाड्या जातात आणि त्यांत मूल बसले नाही, तर आईवडिलांची ऐपत नाही असे गाव धरून चालते. घरून आग्रह असूनही मी मुलीला जिल्हा परिषदेच्या शाळेत घातले, कारण प्रवेशाआधी बाईंच्या परवानगीने मी पहिलीच्या वर्गात मागे बसून पाहिले होते. बाईंनी चिंचोके जमिनीवर ओतले, मुलांना दहा-दहाच्या पुड्या बांधायला लावल्या आणि तेवीस म्हणजे किती पुड्या व किती सुटे, हे प्रत्येकाकडून करून घेतले. एका मुलाचे चुकले, तेव्हा त्यांनी उत्तर सांगितले नाही. पुड्या सोडून पुन्हा मोजायला लावल्या आणि तो मोजून होईपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या. मुलगी आता तिसरीत आहे, आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगतेही.

अडचणी आहेत आणि त्या लहान नाहीत. आमच्याकडे चार इयत्तांना दोन शिक्षक आहेत, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. त्यांतले एक निवडणुकीच्या कामाला गेले की दुसऱ्यावर चारही वर्ग पडतात. त्या बाईंची बदली झाल्यावर त्यांची जागा बरेच महिने रिकामी राहिली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्यात, असे कायदाच सांगतो; आमच्याकडे मात्र सहीसाठी रजिस्टर घरी फिरत असे. आम्ही काही जणी बैठकीला प्रत्यक्ष जाऊ लागलो, रिक्त पदाचा ठराव करून घेतला आणि शिक्षक येईपर्यंत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले. गावातल्या शाळेत मूल घालणाऱ्या पालकाने एवढी तयारी ठेवावीच लागते, असे मला वाटते.

रिक्षाचालक वडील, पिंपरी-चिंचवड

शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतल्या मुलांसाठी खासगी शाळांत ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव, मोफत जागांमधून माझा मुलगा खासगी शाळेत शिकतो. आमचा अर्ज २०२४ सालचा. त्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला या जागांमधून सूट दिली होती. प्रकरण न्यायालयात गेले, सोडत निघूनही प्रवेश अडकले आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केल्यानंतरच आम्हाला प्रवेश मिळाला. तोवर वर्ग सुरू होऊन महिना उलटला होता.

शिकवणे चांगले आहे, शिक्षिका मुलाकडे लक्ष देतात आणि त्याच्यात बोलण्याचा धीटपणा आला आहे. फी नसली तरी गणवेश, पुस्तके, सहल आणि स्नेहसंमेलन यांचे पैसे शाळा मागत राहते. पुस्तके व गणवेशाबद्दल मी लेखी विचारणा केल्यावर ती मागणी थांबली. अर्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट आजच ध्यानात घ्यावी की ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फी भरावी लागणार किंवा शाळा बदलावी लागणार, म्हणून आम्ही दरमहा थोडी रक्कम पोस्टात आवर्ती ठेवीत टाकतो.

एक पालक, मुंबई उपनगर

करोनाकाळात माझे उत्पन्न निम्म्यावर आले आणि आम्ही मुलीला खासगी शाळेतून महापालिकेच्या शाळेत न्यायचे ठरवले. थकलेल्या फीमुळे जुन्या शाळेने दाखला अडवला. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायचा असतो आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे कलम दाखवल्यावर महापालिकेच्या शाळेने मुलीला लगेच वर्गात बसवून घेतले. तिथे वर्गात मुले जास्त आहेत, पण पुस्तके, दप्तर, गणवेश आणि दुपारचे जेवण सगळे मिळते, आणि मुलीचे गणिताचे शिक्षक आधीच्या शाळेतल्या कोणाहीपेक्षा सरस आहेत.

जिल्हा परिषद शिक्षक, मराठवाडा

मी स्वतः सरकारी शाळेत शिकवतो आणि माझा मुलगा तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत सेमी इंग्रजीत शिकतो. गुरुजींची मुले कुठे शिकतात, हा प्रश्न लोक विचारतात आणि तो रास्तच आहे. माझी बदली झाली की त्याचीही शाळा बदलली असती, हे माझे कारण. ज्या गावात मी शिकवतो तिथेच घर असते, तर तो माझ्याच वर्गात बसला असता.

या चर्चेत अनुदानित शाळा सहसा सुटून जातात, म्हणून मुद्दाम लिहितो. संस्था खासगी, पगार सरकारचा आणि फी नाममात्र, अशी ही व्यवस्था आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी ग्रामीण महाराष्ट्रातले माध्यमिक शिक्षण उभे केले, ते याच वाटेने. सरकारी शाळांमध्येही फरक फार आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण एका गावाच्या कीर्तीवरून दुसऱ्या गावची शाळा ठरवता येत नाही. शाळा पाहायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना विचारून तिसरीतल्या मधल्या बाकावरच्या मुलाला न शिकवलेला उतारा वाचायला द्या आणि नंतर त्यावर दोन प्रश्न विचारा. हुशार मुले कुठल्याही शाळेत वाचतात. मधल्या बाकावरचा वाचत असेल, तर शिक्षक काम करत आहेत. खासगी शाळेतही हीच परीक्षा घ्यावी आणि तिथे ती घेऊ दिली नाही, तर त्याचीही नोंद करावी.

बँक कर्मचारी, नाशिक

आम्हा दोघांच्याही नोकऱ्या बदलीच्या आहेत, त्यामुळे केंद्रीय मंडळाची खासगी शाळा घेतली आणि समाधानी आहोत. फीवाढीला पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीची मान्यता लागते, म्हणून त्या समितीवर कोण आहे हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे.

एक आई, डिचोली, गोवा

आमच्याकडच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पट फार कमी आहे. त्यामुळे बाई प्रत्येक मुलाला ओळखतात, पण खेळायला संघ होत नाही. मुलगा यंदा चौथीत आहे. पाचवीपासून हायस्कूलमध्ये सगळे विषय इंग्रजीत असतील, म्हणून आम्ही त्याला घरी विज्ञान आणि गणितातले इंग्रजी शब्द आतापासून सांगतो. ज्यांची मुले या टप्प्यातून गेली आहेत, त्यांनी पहिले सहा महिने कसे गेले आणि शिकवणी लावावी लागली का, ते कृपया लिहावे.