सुरगाठ आणि निरगाठ: फरक घट्टपणाचा का?

सुतळीचा_तोडा: कुणी म्हणतं सुरगाठ म्हणजे ओढताच सुटणारी गाठ, कुणी म्हणतं फासासारखी सरकणारी. बरोबर काय? आणि निरगाठ म्हणजे आवळून बसलेली सुरगाठच ना?

खुंटा_दावं: घट्टपणाचा संबंध नाही. परकराची नाडी घ्या. पहिला पेच दोन्ही गाठींत सारखाच. दुसऱ्या पेचात टोक आरपार ओढलं तर निरगाठ. दुमडून घातलं तर सुरगाठ, कारण मोकळं टोक ओढलं की दुमड निघून येते. घाईत टोकाऐवजी दुमडीचा फासा ओढला जातो, टोक आत शिरून पार होतं आणि सुरगाठीची निरगाठ बसते. मग कात्री शोधा!

कातळवाट: सरकण्याचा घोळ कुठून येतो ते हातभर सुतळीवर दिसेल. एक वेढा करा आणि एका बाजूचा दोर दुमडून त्यातून काढा. दुमडलेली बाजू ओढली की फासा लहान होत गाठ सुटते, दुसरी ओढली की गाठ नुसती आवळते. दुमड मोकळ्या टोकाची असेल तर ती सुरगाठ. ताणाच्या बाजूची असेल तर सरकता फास: ताण वाढेल तसा तो आवळतो. रचना एकच, काम उलटं.

म्हणून गुराच्या गळ्यात न सरकणारा फासाच हवा. सुरगाठ खुंट्याकडच्या टोकाला. दाव्याचा खुंट्याला पूर्ण वेढा द्या, टोक ताणाच्या दोरावरून आणून त्याची दुमड वेढ्यातून काढा आणि आवळा. वीतभर टोक लोंबतं ठेवा, म्हणजे जनावर अडकलं तर एका हिसक्यात सुटेल. शेळी मात्र ते टोक चघळून स्वतःच सुटते. तिच्यासाठी टोक दुमडीच्या फाशातून सैलसं ओवून ठेवा; सोडताना आधी ते काढायचं, नाहीतर गाठ अडकते.

सुतळीचा_तोडा: दावं नायलॉनचं असेल तर?

खुंटा_दावं: गुळगुळीत असतं, सुरगाठ निसटते. खुंट्याला दोन वेढे द्या. अंबाडीचं उलट, भिजलं की फुगतं आणि निरगाठ दगड होते. ती टोकं ओढून सुटत नाही. टोक गाठीत मागे ढकला, पेच सैल झाला की दाभण घाला.

आणि निरगाठ मारताना उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. दोन्ही वेळा एकच बाजू वर घेतली तर गाठ दिसते पक्की, पण ताणाखाली सरकते.