मांडीची कातडी तरीही लागते

दुचाकी घसरून भावाच्या नडगीवरची कातडी सोलवटली, त्यावर प्रश्न आहे: कृत्रिम त्वचा लावली तर जखमेवर बसवायला काढतात ती मांडीची कातडी वाचेल ना? नाही. पण घ्यावी लागते ती बरीच पातळ, त्यामुळे मांडी लवकर भरते.

‘इंटेग्रा’सारख्या कृत्रिम त्वचेच्या दुपदरी आवरणात खाली गाईचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतलं कॉन्ड्रॉइटिन यांची जाळी, वर सिलिकॉन. जाळी आतलं अस्तर घडवते. वरचा थर पेशंटचाच हवा. साधारण 3 आठवड्यांत जाळीत रक्तवाहिन्या शिरतात, मग सिलिकॉन सोलून मांडीवरून काढलेला 0.15 ते 0.2 मिमी जाडीचा पापुद्रा बसवतात.

फसतं ते जंतुसंसर्गाने आणि खाली साचलेल्या रक्ताने. मेलेला भाग पूर्ण खरवडून रक्तस्राव थांबवल्याशिवाय आवरण लावूच नये. रक्ताची गुठळी राहिली की जाळी जखमेपासून सुटते आणि रक्तवाहिन्या पोचतच नाहीत. घोट्याजवळ ते सरकतं, म्हणून स्प्लिंट, म्हणजे सांधा हलू न देणारा आधार. वर व्हॅक ड्रेसिंग, म्हणजे यंत्राने हवा ओढून घट्ट बसवलेली पट्टी, बहुधा उणे 125 मिमी पारा दाबावर. सिलिकॉनखाली पू दिसला तर घाबरून सगळं काढू देऊ नका, तेवढाच तुकडा कापतात. हाडावरचा मूळचा पातळ पडदा गेलेला असेल तर मात्र फ्लॅपबद्दल, म्हणजे रक्तवाहिन्यांसकट आणून बसवलेल्या जाड तुकड्याबद्दल, आधी विचारा.

पुण्यातल्या त्वचापेढीतून मिळते ती वेगळी गोष्ट. ती दान केलेली, 85 टक्के ग्लिसरॉलमध्ये जपलेली माणसाची त्वचा. भाजलेल्या पेशंटला मोठा आधार, पण तात्पुरता, कारण शरीर ती पुढे नाकारतं.